धुराचा अलार्म कोणी लावायचा, मालकाने की भाडेकरूने?



14 एप्रिलला आपण शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती साजरी करतो. त्याच दिवशी राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिनही असतो, पण तो परीक्षांच्या गडबडीत राहूनच जातो. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. त्यांच्या आठवणीचा हा दिवस.

यंदा मी चौथीच्या वर्गात त्यासाठी थोडा वेळ काढला. आग लागली तर कोणता नंबर? सगळा वर्ग ओरडला, "101!" मग विचारलं, "रात्री घरातले सगळे झोपलेले असताना आग लागली, तर फोन करायला उठवणार कोण?" एक मुलगी म्हणाली, "वास येईल ना बाई."

आपण मोठी माणसंही हेच धरून चालतो. पण गाढ झोपेत धुराच्या वासाने जाग येईलच असं नाही. उलट धुरातला कार्बन मोनॉक्साईड माणसाला आणखी गुंगी आणतो. आगीत कितीतरी माणसं ज्वाळांनी नाही, धुराने जातात. कान मात्र झोपेतही बऱ्यापैकी जागा असतो. म्हणून धुराचा अलार्म.

आपल्या पुण्याशेजारीच, पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत, 30 ऑगस्ट 2023 ला पहाटे एका हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. तिथेच राहणारं कुटुंब, आईवडील आणि दोन मुलगे, त्यात गेलं. अलार्म असता तर ते वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही. पण अशा पहाटे दोन-तीन मिनिटं लवकर जाग येणं फार मोठं असतं.

मग कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतल्या अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक आणि भोगवटादार, म्हणजे तिथे प्रत्यक्ष राहणारा, यांच्यावर आहे. यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. तुमच्या सोसायटीने शेवटचा कधी दिला, विचारून बघा. उत्तर देताना सेक्रेटरी विषय बदलतील, असा माझा अंदाज!

पण हे झालं जिन्याचं आणि पार्किंगचं. दाराच्या आतलं काय? आमच्यासारख्या जुन्या चार मजली इमारतीत घरात अलार्म कोणाकडेच नाही. मालक म्हणतो, राहतोय तो बघेल. भाडेकरू म्हणतो, अकरा महिन्यांच्या घरात खर्च कशाला? भिंतीला खिळा ठोकला तर डिपॉझिट कापणारे मालक पुण्यात कमी नाहीत, त्यामुळे भाडेकरूचंही अगदीच चुकतं असं नाही. इंग्लंडमध्ये घर भाड्याने देताना प्रत्येक मजल्यावर अलार्म लावणं आणि भाडेकरू राहायला येईल त्या दिवशी तो चालतो का हे तपासणं मालकाला बंधनकारक आहे. आपल्या करारात नळ, पंखे, ट्यूबलाइट सगळं मोजून लिहितात. त्यातच एक ओळ वाढवा: अलार्म मालकाने बसवायचा, दर महिन्याला बटण दाबून भाडेकरूने तपासायचा. मालक नाहीच म्हणाला तर स्वतः आणा. घर सोडताना काढून नेता येतो.

बॅटरीवर चालणारा साधा अलार्म पुरतो. धूर वर जातो म्हणून तो छताला, झोपायच्या खोलीजवळ लावायचा. स्वयंपाकघरात आणि देवघराजवळ नको, नाहीतर फोडणी आणि धूप रोज बोंब मारायला लावतील, आणि वैतागून कोणीतरी बॅटरी काढून टाकेल. बॅटरी उतरली की तो अधूनमधून 'टिक' करतो, तो इशारा समजायचा. दहा वर्षांनी पूर्ण अलार्मच बदलायचा. आणि एक, गॅसगळती त्याला कळत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. त्याचं यंत्र वेगळं आणि जमिनीजवळ लावायचं.

जाग आल्यावर बाहेर पडता आलं पाहिजे, हेही बघा. सेफ्टी डोअरच्या कुलपाची किल्ली रात्री नेमकी कुठे असते? हाच प्रश्न मी मुलांना गृहपाठ म्हणून दिला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाचं उत्तर एकच होतं: "बाबांच्या पँटच्या खिशात."