ध्रुव पाहिला काय?

विवाहविधींत सप्तपदीनंतर वधूनें मौन धरावें, आणि रात्रीं ध्रुव, अरुंधती व सप्तर्षि दृष्टीस पडल्यावरच तें सोडावें, असें आश्वलायन गृह्यसूत्रांत सांगितलें आहे. अलीकडे मुहूर्त दिवसाचा आणि माथ्यावर कार्यालयाचें छत. उपाध्याय वर बोट दाखवितात, वधूवर छताकडे पाहातात आणि ‘पाहिला’ म्हणून मोकळीं होतात. जन्मभराचें वचन देण्याच्या प्रसंगींच न पाहिलेलें पाहिलें म्हणावें, हें कितपत शोभतें, याचा विचार सुज्ञ वाचकांनींच करावा.

आमच्या बीड जिल्ह्यांत तरी या लटकेपणास सबब नाहीं. पाऊस थोडा, हें आमचें जुनें दुर्दैव. परंतु पावसाळा सरल्यावर त्याच कोरड्या हवेमुळें बालाघाटाच्या माळांवरील आकाश निर्मळ असतें. गांवाचा अक्षांश जितका, सुमारें तितक्याच अंशांवर उत्तरेस ध्रुव दिसतो. अंबाजोगाईस हे अंश पावणेएकोणीस. म्हणजे हात लांब करून क्षितिजावर एकावर एक धरलेल्या दोन मुठींहून किंचित् कमी. आतां फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत रात्रीं साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करावें. व्याधाच्या बऱ्याच खालीं, जवळजवळ तितक्याच उंचीवर, अगस्त्य तळपत असतो. एकाच अंगणांतून दोन्ही दिशांस असा समतोल सर्वांच्या वांट्यास येत नाहीं. काशीस अगस्त्य बारा अंशांवर चढत नाहीं. लडाखांतील हानले येथें, जेथील काळोखास २०२२ सालीं संरक्षण मिळालें, तो जेमतेम साडेचार अंश वर येतो. आणि लंडनकरांस तर त्याचें दर्शनच नाहीं.

राहिली अरुंधती. चैत्र-वैशाखांत, म्हणजे ऐन लग्नसराईंत, सप्तर्षि रात्रीं उत्तरेस उंच असतात. त्यांच्या शेपटांतील मधला तारा वसिष्ठ. त्याला अगदीं लागून असलेली मंद तारका ती अरुंधती.

हें धन मात्र टिकेलच असें नाहीं. गांवोगांवीं उंच खांबांवर प्रखर पांढरे दिवे लागत आहेत. रस्त्यास उजेड हवा, याबद्दल वाद नाहीं. पण दिव्याचें तोंड वर वा आडवें असलें, तर तो उजेड आकाश धुवून टाकतो. अगस्त्य तेजस्वी, तो तग धरील. ध्रुव मध्यम आणि अरुंधती मंद, तीच प्रथम लोपेल. विदर्भांतील पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या लगतच्या गांवांत रस्त्यांवरील दिव्यांचीं तोंडें जमिनीकडे वळविलीं, आणि २०२४ सालीं तेथील काळोखास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. जें तेथें साधलें, तें आमच्या ग्रामपंचायतींस अशक्य नाहीं.

तोंवर एवढें तरी करावें. लग्नाच्या रात्रीं घरचे दिवे मालवून वधूवरांस गच्चीवर न्यावें. डोळ्यांस काळोखाची सवय होण्यास वीसेक मिनिटें लागतात. तेवढा वेळ घरांतील लेंकरांनाही सोबत बसवावें. मग वडीलधाऱ्यांनीं विचारावें, ‘ध्रुव पाहिला काय?’ त्या वेळीं येणारें उत्तर खरें असेल.