बंब, घंगाळ आणि मोटारीतली ऊब

दिवाळीच्या पहाटे बंब पेटवून मुलांना हाका मारणारी घरे आता थोडी उरली. पण मोटारीचा हीटर समजून घ्यायला बंबासारखा गुरू नाही. पुष्कळांना वाटते, हीटर म्हणजे आत लपवलेली विजेची शेगडी. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत बहुधा तसे नसते. इंजिन हा बंब. त्याच्या भोवती फिरून तापलेले पाणी एका चिमुकल्या जाळीतून जाते, पंखा तिच्यावरून वारा घालतो आणि तीच आपली ऊब. बंबातलेच पाणी कोमट असेल, तर घंगाळाला बोल लावून काय उपयोग?

गेल्या पौषात आईला दम्याच्या तपासणीसाठी पिंपळवंडीहून पुण्याला न्यायचे होते. पहाटेचा गारठा, हीटर पुरता सोडलेला, तरी पायांवर गार वारा. आई शालीत खोकत होती. काच आतून धुकटलेली आणि पुढे उसाचे ट्रॅक्टर, मागे दिवा नसलेले! काच स्वच्छ ठेवणे हेही हीटरचेच काम; तो चैनीची वस्तू नव्हे, हे त्या दिवशी पटले.

परतल्यावर मिस्त्रीने गाडी फिरवून पाहिली. कितीही चालवा, तापमानाचा काटा तळाशीच. “सर, यातला थर्मोस्टॅटच कुणीतरी काढून टाकलाय!” उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून एका गॅरेजने केलेला तो उपाय होता. ही झडप इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. साधारण ८० ते ९० अंशांना उघडते. ती काढली, की हिवाळ्यात बंब पुरता तापतच नाही. शिवाय थंड इंजिन इंधन जास्त पिते.

तेव्हा वाचकहो, आधी काटा पाहा. तो वर चढत नसेल, तर संशय थर्मोस्टॅटवर. चढूनही ऊब नसेल, तर इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. ती उतरली की नळ्यांत हवा अडकते. जाळीच्या दोन नळ्यांपैकी एक गरम, दुसरी गार असेल, तर बहुधा जाळी तुंबली. विहिरीचे क्षारयुक्त पाणी ओतल्याचे हे फळ. दोन्ही गरम असतील, तर वारा वळवणारी आतली झडप तपासून घ्या.

दोन पथ्ये मात्र कडक पाळा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आणि ऊब मिळावी म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. तो धूर खोकल्याची सूचनाही न देता जीव घेतो.