अंगठा उमटला नाही तर?

यवतमाळ आणि पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी मुले पुण्याला, हैदराबादला सॉफ्टवेअरच्या नोकरीवर जातात. पाच-सात वर्षांत त्यांच्या पदाला ‘सीनिअर’ हा शब्द जोडला जातो. मोठ्या सेवा कंपन्यांत ही बढती बरीचशी वर्षे मोजून मिळते, कारण ग्राहकाला बिलही अनुभवाच्या वर्षांप्रमाणेच लावलेले असते. मुलाखतीत विचारणा होते ती किती भाषा येतात आणि कोणत्या फ्रेमवर्कवर काम केले याची. माझ्या मते ज्येष्ठता ओळखण्याची खूण वेगळी आहे. आपले काम चुकले तर त्याची किंमत कोण मोजणार हे ज्याला आधी दिसते, आणि ती किंमत त्या माणसावर पडू नये अशी तजवीज जो मांडणीतच करतो, तो सीनिअर. याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. गेल्या दशकातल्या दोन कर्जमाफी योजना यवतमाळच्या शेतकऱ्याने स्वतः अनुभवल्या आहेत.

जून 2017 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतचे थकीत पीककर्ज माफ होणार होते, पण त्यासाठी ऑनलाइन अर्ज हवा होता. जुलैच्या अखेरीस अर्ज सुरू झाले. कपाशीच्या डवरणी-फवारणीचे हे दिवस. मजुरी बुडवून नवरा-बायको दोघांनी आपले सरकार सेवा केंद्रावर जायचे, आधार द्यायचा, अंगठा द्यायचा, कर्जाचा तपशील सांगायचा. हाच तपशील बँकेकडे आणि सोसायटीच्या सचिवाकडे आधीपासून होता. बँकांनाही 66 रकान्यांत माहिती भरून द्यायची होती. मग दोन्हीकडची माहिती जुळवायला घेतली तेव्हा नावे जुळेनात आणि एकच आधार क्रमांक अनेक खातेदारांपुढे दिसू लागला. 18 ऑक्टोबर 2017 रोजी, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली गेली. याद्यांतल्या घोळामुळे खात्यात पैसे पडायला मात्र उशीर झाला. पोर्टल बनवणाऱ्यांना कोड लिहिता येत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. जी माहिती एका जागी तयार होती ती दुसऱ्या जागी लाखो हातांनी पुन्हा भरून घेतली, तर चुका त्याच प्रमाणात वाढतात. हे सुरुवातीलाच ठामपणे सांगून थांबवणारे कोणी तिथे हवे होते.

डिसेंबर 2019 मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. तिच्यात शेतकऱ्याने अर्जच भरायचा नव्हता. बँकांनी खात्यांची माहिती दिली, फेब्रुवारी 2020 पासून याद्या लागल्या, प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक मिळाला. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन अंगठा द्यायचा. समोर आपले नाव आणि कर्जाची रक्कम दिसायची. मान्य असेल तर पावती, मान्य नसेल तर तक्रार, आणि तक्रार तालुका किंवा जिल्हा समितीकडे. या मांडणीचे मोल मला फार वाटते. चूक होणारच हे तिच्यात गृहीत आहे, ती पकडण्याची जागा पैसे वळते होण्याआधी ठेवली आहे, आणि अखेरचा शब्द यंत्राऐवजी माणसाच्या समितीकडे आहे. योजना निर्दोष नव्हती. कापूस वेचून आणि मजुरी करून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र नाकारते, हा त्रास इथेही होताच. पण अडलेल्या माणसाला जायला एक दार ठेवलेले होते.

यावर आक्षेप येईल की हे फरक राजकीय निर्णयांचे आहेत. 2017 मध्ये कुटुंब हा घटक धरला, 2019 मध्ये वैयक्तिक शेतकरी, यात डेव्हलपरचा काय संबंध? निकष शासनाचा, हे खरे. पण बँकेचे संगणक खाते ओळखतात, कुटुंब ओळखत नाहीत. कोण कोणाचा नवरा हे कर्जखात्यात नोंदलेले नसते. म्हणजे कुटुंबाचा निकष लावला की अर्ज भरून घेणे आलेच, आणि रांगाही आल्याच. निकष ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला हे आपोआप कळत नाही, ते समजावून सांगणे जाणत्या तंत्रज्ञाचेच काम आहे. आदेश आला तसा बनवून देणारा कितीही कुशल असो, त्याला मी सीनिअर म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. वर्षांना किंमत नाही का? आहे, पण आपला कोड लोकांच्या हाती पडल्यावर काय झाले हे पाहण्यात ती वर्षे गेली असतील तरच. ब्रिटनच्या टपाल खात्यात होरायझन ही संगणकप्रणाली 1999 पासून आली. एका मोठ्या, अनुभवी कंपनीचे ते काम. हिशेबात तूट दिसली की दोष टपाल कार्यालय चालवणाऱ्यांचा, असे धरून नऊशेहून अधिक लोकांना दोषी ठरवले गेले. शिक्षा रद्द करायला 2024 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तिथे अनुभवाला तोटा नव्हता. प्रणाली चुकू शकते हे वेळेवर आणि मोठ्याने सांगणारी माणसे कमी पडली. आता तर कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत, त्यामुळे नुसत्या टंकनवेगाची मिजास फार काळ टिकणार नाही. झरी-जामणी तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बाईचा अंगठा उमटला नाही तर पुढे काय, हा प्रश्न मात्र कोणीतरी आठवणीने विचारावाच लागेल.

म्हणून माझी सूचना नेमकी आहे. सरकारी सॉफ्टवेअरच्या निविदांत अनुभवाची वर्षे आणि मनुष्यबळाचे आकडे मागितले जातात. त्यांच्या जोडीला एक अट घालावी: योजना सुरू झाल्यावर पहिला महिना मुख्य डेव्हलपरने तालुक्याच्या सेवा केंद्रावर, केंद्रचालकाच्या शेजारी बसून काम करावे, आणि तिथे दिसलेली चूक दुरुस्त करण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. सुरुवात कुठूनही करता येईल.