विश्लेषण : लहान मुलाच्या मेंदूचा आणि मनाचा आजार एकदम बळावला, तर खाट मिळते कुठे?

दहा-बारा वर्षांचे मूल. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत शाळेत जात होते. आता रात्रभर जागे असते, भिंतीशी बोलते, आईच्या अंगावर धावून जाते, मध्येच ताठरते आणि तासभर हलत नाही. आईवडील त्याला रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. तिथून जिल्हा रुग्णालय, तिथून वैद्यकीय महाविद्यालय. बालरोग विभाग सांगतो, हे मानसोपचाराचे. मानसोपचार विभाग सांगतो, आमच्याकडे मोठ्यांचाच वॉर्ड आहे. मेंदूविकारतज्ज्ञांची ओपीडी थेट गुरुवारी. खासगी रुग्णालयात खाट आहे, पण आधी डिपॉझिट.

महाराष्ट्रात अशा कुटुंबांची वेगळी नोंद कुठे होत नाही, कारण प्रत्येक दारावर त्यांचा केस पेपर नवा निघतो. अल्पवयीन मुलांना मानसिक आजारासाठी दाखल करण्याबाबत देशात स्पष्ट कायदा आहे, तो २९ मे २०१८ पासून लागूही आहे. तरीही पालकांच्या हाती ‘पुढे घेऊन जा’ एवढाच शेरा का पडतो?

आजार मनाचा की मेंदूचा?

बहुतेक वेळा सगळा घोळ या प्रश्नापाशी सुरू होतो. मोठ्या माणसाचे वागणे अचानक बदलले तर मनोविकाराची शंका आधी येणे समजू शकते. मुलांच्या बाबतीत मात्र वागण्यातला झपाट्याने झालेला बदल हा मेंदूच्या शारीरिक आजाराचा पहिला इशारा असू शकतो.

ठळक उदाहरण म्हणजे ‘अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस’. नाव बोजड असले तरी प्रकार समजायला सोपा आहे. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून मेंदूतील पेशींवरच्या एका प्रथिनावर हल्ला चढवते. सुरुवातीला भास, चिडचिड, निद्रानाश, असंबद्ध बोलणे, म्हणजे दिसायला निव्वळ वेड. काही दिवसांनी झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, वाचा जाणे. डॉ. जोसेप डाल्माऊ आणि सहकाऱ्यांनी हा आजार २००७ मध्ये उलगडला. त्याआधी अशा किती मुलांवर फक्त मनोविकाराचा शिक्का बसला असेल, हे मोजायचे साधन नाही. आज त्यावर उपचार आहेत : स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, रक्तद्रव बदलणे, काहींना रिटुक्सिमॅब. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात, दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ८१ टक्के चांगले सावरलेले आढळले. उपचार लवकर सुरू झाले त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे या आजारात पंधरा दिवस फिरण्यात गेले, तर ते मुलाच्या मेंदूच्या खात्यातून वजा होतात.

यादी इथे संपत नाही. ‘विल्सन’ या आनुवंशिक आजारात शरीरात तांबे साठत जाते. अक्षर बिघडणे, चिडखोरपणा, अभ्यासात घसरण अशी त्याची सुरुवात असू शकते. डोळ्यांची तपासणी आणि रक्त-लघवीच्या चाचण्यांतून त्याचा माग लागतो आणि औषधाने तो आटोक्यात राहतो. ‘एसएसपीई’ हा गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी डोके वर काढणारा मेंदूचा आजार. मूल विसरभोळे होते, हातातल्या वस्तू पडतात, अंगाला हिसके बसतात. त्यावर खात्रीचा इलाज आजही नाही, प्रतिबंध मात्र गोवराच्या लशीने होतो. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून उठणारी अपस्मार, म्हणजे फिट्स, हीसुद्धा पुष्कळदा ‘अंगात आले’ म्हणून खपून जाते.

याचा अर्थ प्रत्येक बिघडलेल्या वागण्यामागे मेंदूदाह शोधायचा, असा नाही. किशोरवयात सुरू होणारा स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र ऑब्सेशन हे आजार खरेच असतात आणि त्यांनाही रुग्णालय लागते. ताठरून बसण्याच्या अवस्थेला कॅटाटोनिया म्हणतात. ती दोन्हीकडे दिसते, आणि लोराझेपामसारख्या साध्या औषधाला ती अनेकदा दाद देते. मनोविकारतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ दोघांनी एकाच खाटेशी उभे राहून मूल पाहणे, एवढीच खरी गरज. आपल्या व्यवस्थेत नेमकी तीच सगळ्यात अवघड.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ८७ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या दाखल्याचे नियम आहेत. दाखला या कलमातली पद्धत पाळूनच व्हावा, असे तिथे म्हटले आहे. अर्ज मुलाच्या ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ने करायचा, म्हणजे सर्वसाधारणपणे आई किंवा वडिलांनी. त्यानंतर दोन मनोविकारतज्ज्ञांनी, किंवा एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी, मुलाला स्वतंत्रपणे तपासायचे. ही तपासणी दाखल्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली हवी. आजार दाखल करण्याइतका तीव्र आहे, दाखला मुलाच्या हिताचा आहे आणि घरी राहून उपचाराचे पर्याय थकले आहेत किंवा योग्य नाहीत, यावर दोघांचे एकमत हवे.

पुढचा भाग पालकांनी नीट वाचावा असा आहे. मुलाला प्रौढांपासून वेगळे ठेवायचे. त्याच्या वयाला साजेसे वातावरण द्यायचे, आणि त्याचा दर्जा इतर आजारांसाठी दाखल झालेल्या मुलांना मिळतो त्याहून कमी नसावा. आई, वडील किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती दाखल्याच्या पूर्ण काळात मुलासोबत राहील. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल, तर सोबतीला स्त्री हवी. उपचार पालकांच्या संमतीने होणार, आणि त्यांनी घरी न्यायचे म्हटले तर मुलाला सोडावे लागणार. दाखल्याची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यायची. मुक्काम ३० दिवसांपुढे गेला, तर मंडळाने फेरतपासणी करायची आणि पुढे दर ३० दिवसांनी ती करत राहायची. विजेचे उपचार मुलांवर करायचे झाल्यास पालकांच्या संमतीबरोबर मंडळाची पूर्वपरवानगीही लागते.

हे नियम जाचक म्हणणाऱ्यांनी एरवाडी आठवावे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील या गावात एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. मुलाला कुणाच्या तरी ताब्यात देऊन निघून यायचे, हा मार्ग कायद्याने बंद केला तो योग्यच.

मग अडते कुठे?

कायद्यावर बोट ठेवूनच नकार दिला जातो. ‘अल्पवयीन आहे, वेगळा वॉर्ड नाही, नियमात बसत नाही.’ वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरे असते. पण वेगळा वॉर्ड नसणे हा दोष मुलाचा नव्हे. याच कायद्याच्या कलम १८ मध्ये मुलांसाठी मानसिक आरोग्य सेवा पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. रुग्णालयाला नियम पाळता येत नाहीत म्हणून रुग्ण नाकारायचा आणि सरकारने नियम पाळले नाहीत हे कुणी विचारायचे नाही, अशी ही सोयीस्कर वाटणी आहे.

राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. ती मुळात प्रौढांसाठी, दीर्घ मुक्कामासाठी उभी राहिली. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. सिंधुदुर्गातील अनेक कुटुंबे मुंबईकडे न जाता बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात, कारण शेजारीच तिथली मनोरुग्ण संस्थाही आहे. दुसऱ्या राज्याच्या आवारात दोन्ही दारे जवळजवळ सापडतात, यातच काय ते आले. ज्यांना जमते ते बेंगळूरुच्या निम्हान्सची वाट धरतात. तिथे मुलांचा स्वतंत्र मनोविकार विभाग आहे आणि मेंदूविकार विभाग त्याच संस्थेत आहे. पण बेंगळूरुला जाण्यासाठी रजा, भाडे, राहण्याची सोय आणि घरी दुसऱ्या मुलाला सांभाळणारे कुणीतरी लागते.

जिथे दारे बंद होतात, तिथून देवऋषी फार लांब नसतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पालकांना अंधश्रद्धाळू ठरवून मोकळे होणे सोपे असते. त्यांनी आधी तीन रुग्णालयांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या का, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

मेंदूदाहाची शंका असलेल्या मुलाला बालरोग वॉर्डात किंवा अतिदक्षता विभागात दाखल करायला कलम ८७ आड येत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. तो मेंदूचा आजार आहे आणि त्याचे उपचार तिथेच व्हायचे. तातडीच्या प्रसंगी कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, जिवाला किंवा इतरांना गंभीर धोका असेल तर, ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. मुलाला जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात नेण्याची वाहतूक त्यातच येते. म्हणजे ‘आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाही’ या कारणाने कॅज्युअल्टीने हात झटकणे कायद्याला धरून नाही.

पैशाचे गणित

इम्युनोग्लोब्युलिनचा डोस वजनावर ठरतो, साधारणपणे किलोमागे एकूण २ ग्रॅम. ३० किलोच्या मुलाला ६० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या १२ कुप्या, आणि एका कुपीची किंमत काही हजार रुपये. एमआरआय, ईईजी, पाठीच्या कण्यातील पाण्याची तपासणी आणि प्रतिपिंडांच्या चाचण्या वेगळ्या.

कायद्याचे कलम २१ सांगते की, विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे. विमा नियामकाने २०१८ मध्ये कंपन्यांना तसे निर्देश दिले आणि २०२२ मध्ये पुन्हा आठवण करून दिली. पुन्हा सांगावे लागले, यावरून पहिल्यांदा काय झाले असेल ते कळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे कवच आहे. पण आजार कोणत्या पॅकेजमध्ये नोंदवला जातो, यावर पुढचे सगळे ठरते. त्यामुळे दाखल्याच्या पहिल्याच दिवशी रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठणे उत्तम. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना आहे. तिचे कवच १ लाखाचे, पण त्यात ओपीडीचा खर्चही येतो.

दारात उभे असताना काय उपयोगी पडते?

मोबाइल. मूल डॉक्टरांसमोर शांत बसते आणि घरी परतल्यावर पुन्हा तेच सुरू होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. झटका, विचित्र हालचाल, भिंतीशी बोलणे यांचे दोन-तीन छोटे व्हिडीओ डॉक्टरांना अर्ध्या तासाच्या विचारपुशीपेक्षा जास्त सांगतात. ते समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, एवढे पथ्य पाळावे. सोबत एका कागदावर तारखा असाव्यात : ताप कधी आला, झोप कधी उडाली, पहिला झटका कधी आला, कोणते औषध कधी सुरू झाले आणि त्यानंतर काय बदलले. लहानपणी गोवर झाला होता का, लसीकरणाचे कार्ड कुठे आहे, नात्यात यकृताचा किंवा फिट्सचा आजार आहे का, हेही लिहावे. नकार मिळाला तर केस पेपरवर कारणासह लिहून मागावा. तोंडी नकाराचा मागमूस राहत नाही. लेखी शेरा मागितल्यावर खाट सापडल्याचे प्रसंगही घडतात.

‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येते. जवळ कोणती सेवा आहे, हे तिथे विचारता येते. मात्र फोनवरून खाट मिळत नाही. मूल बेशुद्धीकडे झुकत असेल, झटके थांबत नसतील, ताप असेल किंवा खाणेपिणे बंद झाले असेल, तर फोनवर वेळ न घालवता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

सरकारने काय करावे?

नवी मोठी मनोरुग्णालये बांधण्याची घोषणा नेहमीच आकर्षक असते. या मुलांना मात्र त्याहून लहान गोष्ट हवी. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग वॉर्डात चार-सहा खाटा, आई शेजारी झोपू शकेल अशी जागा, खिडक्यांना सुरक्षित जाळी, आणि बालरोग, मानसोपचार व मेंदूविकार या तिन्ही विभागांनी २४ तासांत एकत्र तपासणी करण्याचा लेखी आदेश. इमारत आहे, विभागही बहुतेक ठिकाणी आहेत. अभाव आहे तो ‘हे मूल आमचे’ असे म्हणणाऱ्या एका विभागाचा. ती जबाबदारी बालरोग विभागाकडे द्यावी. निदान काहीही निघाले तरी रुग्ण मूलच असतो.

जिल्हा पातळीवरही सुरुवात शून्यातून नाही. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्याची पथके शाळा-अंगणवाड्यांत जातात आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्यात केंद्रे आहेत. अभ्यासात अचानक घसरलेले, अक्षर बिघडलेले मूल शिक्षकांच्या आधी नजरेस पडते. पथकाच्या तपासणीत त्यासाठी दोन नेमके प्रश्न असावेत.

आकडेवारीचे काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले होते आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. कायद्याच्या अंमलबजावणीवरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या कामकाजाबद्दल न्यायालयाने प्रश्न विचारले. आता प्राधिकरणाने एक साधा तक्ता जाहीर करावा : राज्यात अल्पवयीनांसाठी अशा किती खाटा आहेत, कोणत्या रुग्णालयात आहेत आणि आज त्यांतल्या किती रिकाम्या आहेत. कोविडच्या काळात खाटांचे असे तक्ते महापालिकांनी रोज मोबाइलवर दाखवले होतेच.