ग्रुपची मम्मी आणि मेम्फिसच्या मदर

प्रत्येक ग्रुपमध्ये एक ‘मम्मी’ असते. तुमच्याही असेल. ट्रेकला निघताना तिच्याच सॅकमध्ये बँडेज, ओआरएस आणि कुणीतरी विसरणारच हे गृहीत धरून घेतलेला जास्तीचा टॉवेल असतो. सबमिशनच्या तारखा तिला पाठ. कुणाचं ब्रेकअप झालंय, कुणाच्या घरी काय चाललंय, फेस्टच्या वर्गणीत कुणाचे पन्नास रुपये राहिलेत, सगळं तिच्याकडे. पण फेस्टचा चेअरपर्सन ठरवायची वेळ आली की हिचं नाव कुणी घेत नाही. तिचं काय, ती तर आहेच की!

मला या ‘आहेच की’वर बोलायचंय. त्यासाठी तुम्हाला जरा लांब नेतो, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये. कारण तिथे या मम्मीला रीतसर पदवी आहे. तिला ‘मदर’ म्हणतात. जन्म दिला म्हणून नव्हे, तर अख्खी मंडळी तिला आई मानते म्हणून. रविवारी पुढच्या बाकांवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पांढऱ्या हॅट घालून काही वयस्कर बायका बसलेल्या असतात, त्या या मदर. (पांढरं लुगडं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेगळंच काही येतं. तिथे तो मानाचा रंग.) नव्या बाळंतिणीला चार गोष्टी सांगणं, आजाऱ्याच्या घरी जाणं, नवरा-बायकोचं भांडण मिटवणं, तरुण पाद्री फार उडायला लागला तर त्याला बाजूला घेऊन समजावणं ही त्यांची कामं. पाद्री बदलतात, मदर तिथेच असते.

आणि तरीही यातल्या कित्येक चर्चमध्ये मदरला पाद्री होता येत नसे. शब्दाला वजन भरपूर, खुर्ची मात्र नाही.

आता एका मदरची गोष्ट. लिझी रॉबिन्सन. जन्म १८६०, आर्कान्सा राज्यात, गुलामगिरीत. गुलामांना अक्षर शिकवणं तेव्हा दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता. गुलामगिरी संपली तेव्हा ही पाच वर्षांची. लहानपणीच वाचायला शिकली आणि आईला, शेजारपाजारच्या मोठ्या माणसांना बायबल वाचून दाखवू लागली. पंधराव्या वर्षी आई गेली. पुढची बरीच वर्षं लोकांचे कपडे धुऊन पोट भरलं. मग जोआना मूर या गोऱ्या मिशनरी बाईंशी पत्रव्यवहार झाला आणि त्यांच्या मदतीने तिला डर्मॉट गावच्या शाळेत दोन वर्षं शिकता आलं. पुढे त्याच शाळेत ती मेट्रन झाली. म्हणजे वयाची पन्नाशी आली तेव्हा ही बाई एका हॉस्टेलची देखरेख करत होती. आपण तिशीच्या आत ‘सेटल’ झालो नाही तर रडतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

१९११ साली ‘चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट’ या नव्या पंथाचे प्रमुख बिशप चार्ल्स हॅरिसन मेसन त्या शाळेत प्रवचनाला आले. लिझी त्यांच्या पंथात गेली आणि मेसननी पंथातल्या सगळ्या बायकांचं काम तिच्याकडे सोपवलं. नियम स्पष्ट होता. बायकांनी ‘शिकवायचं’, ‘प्रवचन’ करायचं नाही. कित्येक ठिकाणी वरच्या व्यासपीठावर पुरुष आणि बायकांसाठी खाली जमिनीवर वेगळं स्टँड. बोलायचं तेच, पण चार पायऱ्या खालून, आणि त्याला नाव दुसरं.

इथे लिझीबाईंनी जे केलं ते मला फार हुशारीचं वाटतं. पायऱ्यांवरून भांडत त्या बसल्या नाहीत. गावोगाव फिरून बघितलं, तर कुठे बायकांचा प्रार्थनेचा गट होता, कुठे बायबल वाचनाचा. दोन्ही एकत्र करून त्यांनी ‘प्रेयर अँड बायबल बँड’ उभा केला. शिवणकामाची मंडळं काढली. मिशनच्या कामासाठी निधी गोळा करणारे गट काढले. राज्याराज्यांत बिशपच्या जोडीला एकेक ‘स्टेट मदर’ नेमली. १९१६ मध्ये नवरा एडवर्डबरोबर ओमाहा शहरात जाऊन नेब्रास्का राज्यातली या पंथाची पहिली मंडळी सुरू केली. पुरुषांच्या चर्चच्या आत बायकांची एक अख्खी यंत्रणा तयार झाली. तिची माणसं तिची, वह्या तिच्या आणि गोळा केलेला पैसाही तिचा. आई म्हणून मिळालेल्या मानाचं त्यांनी खातं बनवलं, डिपार्टमेंट या अर्थाने.

त्या गोड वगैरे होत्या असं समजू नका. पोशाखाचे नियम कडक, दागिने नकोत, नटणं-मुरडणं नको. आज कॉलेजच्या गेटवर असं कुणी उभं राहिलं तर आपण मोर्चा काढू. बायकांना बळ देणारी बाईच बायकांच्या कपड्यांवर पहारा ठेवते, हे मला पटत नाही. पण तेही त्यांच्या गोष्टीत आहेच, ते गाळून त्यांचा फोटो भिंतीवर लावण्यात अर्थ नाही.

मग चर्चने मेम्फिस शहरात मोठं सभागृह बांधायला घेतलं, मेसन टेंपल. गुलामीतून उठलेला, मोलमजुरी करणारा समाज, त्यात महायुद्धाचे दिवस. निधी उभा करायला लिझीबाई आणि त्यांच्या बायका लागल्या. १९४५ मध्ये इमारत पूर्ण झाली. पंच्याऐंशी वर्षांच्या, आजारी लिझीबाई ती बघायला मेम्फिसला आल्या आणि त्याच वार्षिक अधिवेशनाच्या काळात तिथेच वारल्या. सभागृहाला नाव बिशप मेसन यांचं.

तुम्ही हे सभागृह ऐकून ओळखता, फक्त तुम्हाला माहीत नाही. १९६८ मध्ये मेम्फिसचे कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले. दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते. ‘मी माणूस आहे’ अशा पाट्या गळ्यात अडकवून ते रस्त्यावर उतरले. इंग्रजीत त्या पाटीवरचा शब्द ‘मॅन’ होता, म्हणजे माणूसही आणि पुरुषही. त्यांना पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग आले आणि ३ एप्रिलच्या रात्री, वादळी पावसात, मेसन टेंपलमध्ये बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांची हत्या झाली. ते शेवटचं भाषण आपण रील्समध्येसुद्धा ऐकतो. ते छप्पर उभं करण्यात कुणाची पै-पै लागली, हे रीलमध्ये येत नाही.

यावर तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल की खुर्चीशिवाय मिळते तीच खरी सत्ता, मदरला पदाची गरजच काय? हे वाक्य मी कॉलेजात बऱ्याचदा ऐकलंय आणि दर वेळी ते खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडून. मदरच्या शब्दाला किंमत होती हे खरं. त्यांना माझी कीव आवडली नसती हेही खरं, त्यांतल्या बहुतेकींना आपलं काम देवाचं वाटत होतं. पण ‘आई’ म्हणण्यात एक सोय असते. आईला पगार द्यावा लागत नाही. आईला मत विचारायचं, पण ठरावावर सही बाबांची. आई दमली असं कुणी म्हणत नाही, कारण आई दमत नसते म्हणे! आपल्याकडेही कार्यकर्तीला ताई, माई, अक्का करून टाकलं की निम्मा प्रश्न मिटतो. तिला हार घालता येतो, तिकीट देण्याचं टाळता येतं.

लिझीबाईंनी हे ओळखलं असावं असं मला वाटतं. म्हणून त्या नुसत्या मायेवर थांबल्या नाहीत, त्यांनी संघटना आणि हिशोब हातात ठेवले. तुमच्या ग्रुपच्या मम्मीकडेही वही असतेच, वर्गणीची. पुढच्या फेस्टच्या मीटिंगला ती वही टेबलावर येऊ दे आणि स्पॉन्सरच्या पत्रावर, बँकेच्या खात्यावर, ब्रोशरवर वही सांभाळणारीचं नाव येऊ दे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘थँक यू मम्मी’ टाकून हात जोडल्याचे इमोजी पाठवण्यापेक्षा ते कठीण आहे, कारण त्यासाठी आधीच्या कुणाचं तरी नाव काढावं लागतं.

आणि त्याआधी तिला एकदा विचारा, तिला हे ‘मम्मी’ आवडतं का. काहीजणींना आवडतंही. आम्ही आमच्या मम्मीला विचारलं ते थेट फेअरवेलच्या दिवशी, पावभाजीच्या गाडीवर. तिला सेकंड इयरला ट्रेझररसाठी उभं राहायचं होतं, असं ती म्हणाली. आणि मग सवयीने सगळ्यांचे पैसे मोजायला लागली.