देवयानीचें छायाचित्र

दीर्घिका हा शब्द संस्कृतांत लांबट तळ्याला किंवा विहिरीला लावतात. राजवाड्याच्या उद्यानांत दीर्घिका असे व तींत कमळें असत, हें काव्यें वाचलेल्या वाचकांस ठाऊकच आहे. मराठींत आकाशगंगेच्या पलीकडच्या तारकाविश्वांसाठीं हाच शब्द रूढ झाला. आकाशांत एकदां गंगा मानल्यावर तिच्याहून निराळ्या जलाशयांस दीर्घिका म्हणावें, हें मला तरी फार समर्पक वाटतें.

ह्या दीर्घिकांचें छायाचित्र घरच्या गच्चीवरून घेतां येतें, असें सांगितलें तर आमच्या पिढीच्या पुष्कळांस तें खरें वाटत नाहीं. आमच्या शिरुरच्या घरांत एका नातवास हा नाद लागला आहे, आणि दौंडास त्याचे मामेभाऊ त्याच मार्गानें चालले आहेत. घरांतील वडील मंडळींचे प्रश्न ठरलेले : रात्रीं जागून मिळतें काय? मोठमोठ्या वेधशाळांनीं जें हजारदां टिपलें, तें पुन्हां टिपून लाभ कोणता? प्रश्न रास्त आहेत, आणि म्हणूनच ते हंसण्यावारी न्यावयाचे नाहींत.

प्रथम ती वस्तु कोठें आहे तें पाहूं. कार्तिकांत रात्रीं साडेनऊच्या सुमारास भाद्रपदांचा चौकोन डोक्यावर असतो. त्याच्या उत्तरेस शर्मिष्ठा, आणि दोहोंच्या मध्यें देवयानी. ग्रीकांच्या कथेंत ह्या दोघी मायलेकी आहेत. आपल्याकडे त्या सवती झाल्या, आणि ययाति शेजारींच उभा. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस ह्या भेदाचें मर्म उकलून सांगावयास नको. असो. देवयानींत खमध्यापासून उत्तरेस सुमारे साडेबावीस अंशांवर, फळ्यावरचा खडू बोटानें पुसावा तसा एक फिकट डाग आहे. इ. स. ९६४ च्या सुमारास पर्शियांतील अल्-सूफी ह्या ज्योतिष्यानें त्याची नोंद ‘लहानसा मेघ’ अशी केली. तो मेघ नव्हे, ती देवयानी दीर्घिका होय. नुसत्या डोळ्यांस तिचा केवळ गाभा दिसतो. संपूर्ण दीर्घिका दिसती तर सहा पूर्णचंद्र एका रेषेंत मांडावे एवढी भरली असती.

तिचें स्वरूप प्रथम उलगडलें तें एका हौशी माणसाकडून, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. आयझॅक रॉबर्ट्स हा इंग्लंडांत बांधकामाचा धंदा करणारा गृहस्थ. त्यानें डब्लिनच्या ग्रब ह्या कारागिराकडून वीस इंची आरशाची दुर्बीण करवून घेतली, आणि २९ डिसेंबर १८८८ रोजीं देवयानीचें असें छायाचित्र घेतलें कीं, त्यांत तिचे सर्पिल वेढे स्पष्ट उमटले. त्याच सुमारास भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून आमच्या पुण्यास, कॉलेज ऑफ सायन्सांत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तेथील दुर्बीणही वीस इंची व ग्रबचीच, आणि ती चालविणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठीं नायगांववाला जेऊर येथें जाऊन राहिले होते. दौंडाहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडींत बसलें कीं हें जेऊर स्टेशन लागतें. किती प्रवाशांस तें स्मरतें, देव जाणे. १९१२ मध्यें नायगांववाला निवृत्त झाले, वेधशाळा मोडली, आणि दुर्बीण कोडाईकनालास गेली. एका मनुष्याबरोबर एक विद्यापीठ गांवांतून उठून जावें, असाच हा प्रकार झाला.

देवयानी आपल्याच आकाशगंगेंतील एखादा मेघ कीं स्वतंत्र विश्व, हा वाद पुढें छायाचित्रानेंच मिटला. ऑक्टोबर १९२३ मध्यें एडविन हबल ह्यांनीं माउंट विल्सन येथील शंभर इंची दुर्बिणींतून घेतलेल्या कांचेवर एक ठिपका ‘नवतारा’ म्हणून नोंदविला होता. जुन्या कांचांशीं ताडून पाहतां तो रूपविकारी तारा ठरला, तेव्हां पहिलें अक्षर खोडून त्यांनीं तसें लिहिलें. अशा ताऱ्याच्या लुकलुकण्याच्या कालावरून त्याचें खरें तेज कळतें, हा नियम हेन्रिएटा लेव्हिट ह्या विदुषीनें १९१२ मध्यें दाखवून दिलाच होता. तेज कळलें कीं अंतर कळतें. आज हें अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षें मानतात.

आतां गच्चीवरील कृति. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश दर चार मिनिटांस एक अंश सरकतें. स्थिर कॅमेऱ्यांत तारे रेघांसारखे उमटतात. ह्यासाठीं कॅमेरा अशा बैठकीवर बसवितात कीं, जिचा आंस पृथ्वीच्या आंसाशीं समांतर राहील. शिरुरास तो क्षितिजापासून सुमारे पावणेएकोणीस अंश उचलावा लागतो, कारण आमचा अक्षांश तितकाच आहे. लहानपणीं भूगोलांत घोकलेला अक्षांश असा प्रत्यक्ष हातीं येतो, ही गोष्ट मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. ध्रुवतारा तरी अगदीं ध्रुव कोठें आहे? खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो जवळजवळ दोन-तृतीयांश अंश ढळलेला आहे, तेवढीही सुधारणा करावी लागते. पुढें एकच दीर्घ चित्र न घेतां, दोन दोन मिनिटांचीं शंभर चित्रें घेऊन तीं संगणकावर एकावर एक रचतात. शंभर चित्रांत खरा प्रकाश शंभरपट होतो. यंत्राचा गोंधळ मात्र कोठें अधिक कोठें उणा असल्यामुळें दहापटच वाढतो. अर्थात् चित्र दहापट निर्मळ होतें.

ह्या उद्योगास पंचांगासारखा सोबती नाहीं. चंद्र नको, म्हणून अमावास्या हवी. पण आश्विनी अमावास्येस दिवाळी, आणि आकाश धुरानें भरलेलें. मग कार्तिकी अमावास्या धरावी, तर उंसाचा हंगाम सुरू होऊन पाचटाचा व गुऱ्हाळांचा धूर भीमेकांठीं पसरतो. मध्यरात्रीनंतर दंव पडून भिंगावर पाणी जमतें. नदीकांठच्या उंसांत बिबट्यांचा वावर आहे, हें शिरुरकरांस सांगणें नलगे. वीज रात्रीची आल्यामुळें पाणी द्यावयास जाणारा शेतकरी जो धोका सोसतो, तो हौसेसाठीं कोणीं पत्करूं नये. आमच्या घरचा नियम स्पष्ट आहे : वेध घ्यावयाचा तो गच्चीवरून, शिवारांतून नव्हे.

परंतु गच्चीवरून आतां दिसतें किती? शिरुराच्या पश्चिमेस रांजणगांवच्या कारखान्यांचा व त्यापलीकडे पुण्याचा उजेड, दौंडाच्या दक्षिणेस कुरकुंभचा. त्यांत गांवोगांवच्या चौकांतून उंच खांबांवर पांढरे दिवे आले. दिव्यास माझा विरोध नाहीं. बिबट्याच्या मुलखांत तर तो हवाच. पण तो जमिनीवर पडावा, आकाशांत जाऊं नये, यासाठीं वरून साधी टोपी पुरते. ती बसविण्यास ग्रामपंचायतीस फारसा खर्च नाहीं. आमच्या नातवाच्या वयाचीं कितीएक मुलें आकाशगंगा न पाहतांच मोठीं होत आहेत, आणि गिरवलीची दोन मीटरची दुर्बीण मात्र आपल्याच जिल्ह्यांत, शेजारच्या आंबेगांव तालुक्यांत आहे!

मोठ्यांनीं टिपलेलें पुन्हां कां टिपावें, ह्या प्रश्नाचें उत्तर गेल्या कांहीं वर्षांत मिळालें आहे. २० सप्टेंबर २०१६ रोजीं अर्जेंटिनांतील रोझारियो गांवच्या व्हिक्टर बुसो ह्या हौशी निरीक्षकानें आपला कॅमेरा तपासण्याकरितां एका दीर्घिकेचीं चित्रें घेतलीं, आणि ताऱ्याच्या स्फोटाचा पहिला उजेड त्यांत सांपडला. तो धंद्यानें कुलपें दुरुस्त करणारा. २०२२ मध्यें ड्रेश्लर, स्ट्रॉटनर व सेंती ह्या तिघां हौशी मंडळींनीं शंभरांहून अधिक तास देवयानीवर खर्चून तिच्या शेजारीं वायूचें एक विशाल धनुष्य उघड केलें. हजारों छायाचित्रें निघालेल्या देवयानीपाशीं तें कोणास दिसलें नव्हतें.

नातवाचें चित्र तसें कांहीं दाखवीत नाहीं. त्याच्या चित्रांतील प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वीं निघाला. आमच्या तालुक्यांत घोडनदीकांठीं इनामगांवास जी प्राचीन वस्ती उकरली, ती इ. स. पूर्वीं १६०० च्या सुमाराची. तेवढ्या अवधींत आलेला प्रकाश आपल्याच आकाशगंगेंतला. वसंतांत तो कन्या राशींतील दीर्घिकांचा समूह टिपूं म्हणतो. तेथील प्रकाशास निघून साडेपांच कोटि वर्षें झालीं. गच्चीखालच्या पायांतील काळा दगड साडेसहा कोटि वर्षांचा, म्हणजे त्या प्रकाशाहून वडील.

ज्यांच्याजवळ कॅमेरा नाहीं, त्यांनीं कार्तिकी अमावास्येस सायंकाळीं आठ वाजतां गच्चीवरचा दिवा मालवून पंधरा मिनिटें अंधारांत बसावें. मग शर्मिष्ठेच्या दक्षिणेस दृष्टि न्यावी, पण डागाकडे थेट पाहूं नये. नजर किंचित् बाजूस ठेविली म्हणजे तो अधिक स्पष्ट दिसतो. घरांतील वृद्धांस प्रथम बोलवावें, कारण मोतीबिंदु उतरवून घेतलेल्या डोळ्यांसही तो दिसतो, असा आमच्या घरचा अनुभव आहे.