आबाजींना ऐकू येणारी मारबत

कलेविषयी बोलताना आपण 'कळली' आणि 'कळली नाही' असे दोनच निकाल देतो. ज्यांच्या घरातून पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, अशा आम्हा मुलामुलींना या दुसऱ्या निकालाचा फार धाक असतो. मागच्या सत्रात आमच्या वर्गात मांडणशिल्प आणि ध्वनिकला यांचा विषय निघाला. सरांनी सांगितले की, चित्र भिंतीवर असते आणि आपण त्याच्यासमोर उभे राहतो. मांडणशिल्पात कलावंत एक सबंध जागाच रचतो आणि आपण तिच्या आत शिरतो. आणि आवाज हेच जिथे मुख्य साधन असते, ती ध्वनिकला. यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे लाऊडस्पीकर लावला की झाली कला!" वर्ग हसला. मीही हसले. खरे सांगायचे तर काहीच कळले नव्हते, म्हणून हसले.

घरी येऊन मोबाइलवर शोधले, तेव्हा मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांची एक कलाकृती पाहावयास मिळाली. २०१८ साली सुरू झालेल्या कोचीच्या बिएनालेत आणि पुढे २०१९ साली व्हेनिसच्या बिएनालेत ती मांडली होती. अंधाऱ्या दालनात वरून शंभर मायक्रोफोन टांगलेले. प्रत्येकाखाली एक धातूची सळई उभी आणि तिच्यात एक छापील कागद खुपसलेला. त्या कागदांवर निरनिराळ्या शतकांतील, लेखणीपायी किंवा विचारांपायी तुरुंगात गेलेल्या शंभर कवींच्या ओळी. विशेष असे की, हे मायक्रोफोन आवाज घेत नाहीत, आवाज देतात. एकीकडून एक आवाज ओळ म्हणतो आणि चहूकडून इतर आवाज ती उचलून धरतात.

हे सगळे मी वाचून सांगत आहे. मोबाइलमधून मला नुसती पुटपुट ऐकू आली. शंभर आवाज एकाच बारीक छिद्रातून बाहेर पडले की कोणता डावीकडचा, कोणता पाठीमागचा, हा भेदच उरत नाही. तेव्हा लक्षात आले की, ती कलाकृती मला 'कळली नाही' असे म्हणण्यात अर्थ नाही. मी तिच्या आत उभीच नव्हते. आणि आत उभे राहून ऐकणे म्हणजे काय, याचा विचार करू लागले तेव्हा मला आमची मारबत आठवली.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींच्या मिरवणुका निघतात. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे सांगतात. या प्रचंड पुतळ्यांची इतवारीत भेट होते. सोबत बडगे असतात. त्या वर्षी लोकांचा ज्याच्यावर राग, त्याचा बडग्या. रोगराई, महागाई, जे जे नको ते 'घेऊन जा गे मारबत' असा पुकारा हजारो गळ्यांतून उठतो आणि शेवटी मारबतींचे दहन होते.

आमचे घर जुन्या वस्तीत, मिरवणुकीच्या वाटेवर आहे. आमचे आबाजी, म्हणजे माझे आजोबा, उमेदीच्या काळात एका कापड गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. आतल्या कानात केसासारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या आवाजाच्या माऱ्याने एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आता आबाजींशी आम्ही खुणांनीच बोलतो. पण मारबतीच्या दिवशी ते सकाळपासून ओट्यावर बसतात, पाय अनवाणी फरशीवर टेकवतात आणि एक तळहात दाराच्या सागवानी चौकटीला लावतात. आम्ही घरात गडबडीत असतो आणि बाहेरून त्यांची हाक येते, "बाई, आली पाय मारबत!" मी धावत जाऊन पाहते, तो गल्लीच्या तोंडाशी ढोल नुकते वळलेले असतात.

लहानपणी मला हा चमत्कार वाटे. आता त्याचे कारण समजते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. सेकंदाला ३४ कंपने असलेल्या खोल नादाची एक लाट १० मीटर लांब असते. ३,४०० कंपनांच्या बारीक स्वराची लाट फक्त १० सेंटिमीटरची. ढोलाचा खोल नाद लाकूड, फरशी, छातीचा पिंजरा हलवतो आणि त्वचेला तो जाणवतो. एव्हलिन ग्लेनी या स्कॉटलंडच्या जगप्रसिद्ध तालवादिका वयाच्या बाराव्या वर्षापासून जवळजवळ पूर्ण बहिऱ्या आहेत. वाद्याची कंपने पायांतून जाणवावीत म्हणून त्या अनवाणी वाजवतात. आबाजींनी हे नाव कधी ऐकलेले नाही. त्यांना ते कोणी शिकवलेही नाही.

जागाही आवाज घडवते. विजापूरच्या गोलघुमटात सज्जात हळू बोललेला शब्द भिंतीच्या कडेकडेने थेट पलीकडच्या माणसाला ऐकू जातो. तो घुमट नसता तर तो शब्द तिथेच विरला असता. आमच्या अरुंद गल्लीत ढोल दोन्ही भिंतींवरून परत येतो आणि आपण त्याच्या मधोमध सापडतो. तोच ढोल पुढे चौकात पोचला की मोकळा होऊन पसरतो. मारबतीच्या मागे चालणाऱ्याला हा बदल अंगावर जाणवतो. दालन रचणारा कलावंत याहून निराळे काय साधू पाहतो?

यावर कोणी म्हणेल, मारबत ही परंपरा आहे, कला नव्हे. मला ते मान्य आहे. तिच्यावर कोणा कलावंताची सही नसते आणि पुकारा करणारी माणसे कलाकृती पाहावयास आलेली नसतात. त्यांना खरोखरच घरातली पीडा घालवायची असते. मारबतीला मांडणशिल्प म्हणून तिचा मान वाढेल, असेही मला वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच की, जे इंद्रिय त्या अंधाऱ्या दालनात लागते तेच गल्लीत लागते, आणि ते आमच्याजवळ आहे. ध्वनिकलेच्या दारात आम्ही कोऱ्या पाटीने जात नाही.

पण हे इंद्रिय आपण हरवू लागलो आहोत. मागच्या वर्षी मिरवणुकीत आमच्या गल्लीतून एक डीजेची गाडी गेली. टिनाचे छत थरथरले, फळीवरची भांडी वाजली. आबाजींनी चौकटीवरचा हात काढून घेतला. काय झाले, असे मी खुणेने विचारले. ते म्हणाले, "समदं एकच होऊन राहिलं. कोन आलं, कोन गेलं, काई समजून नाही राहिलं."

मी स्वतः लग्नाच्या वरातीत डीजेपुढे नाचले आहे, तेव्हा साधूपणाचा आव आणत नाही. छातीत धडधडणाऱ्या त्या आवाजाला मजा असते. 'अंगाला जाणवणारा आवाज' एवढीच जर ध्वनिकलेची व्याख्या केली, तर डीजे सर्वांत मोठा कलावंत ठरेल. पण जाणवणे म्हणजे नुसते हादरणे नव्हे. जवळचा आणि दूरचा, एकट्याचा आणि अनेकांचा, येणारा आणि जाणारा, हे भेद उमटले तरच जाणवणे. ज्या माऱ्यात भेद उरत नाही तो आबाजींच्या तळहातालाही बधिर करतो, आणि आमचे चांगले कान त्यांच्या वाटेने नेतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नियम पाळले जावेत हे खरेच. पण केवळ पोलिसांच्या भीतीने शांतता येईल, ऐकण्याची आवड येणार नाही.

म्हणून आमच्या स्नेहसंमेलनाच्या समितीला माझी एक सूचना आहे. रांगोळीचे, चित्रकलेचे दालन दरवर्षी असते. येत्या वर्षी एक रिकामी वर्गखोली द्यावी. खिडक्या झाकाव्यात, बाके बाहेर काढावीत आणि चार कोपऱ्यांत चार साधे स्पीकर ठेवावेत. एकातून पहाटेची भाजीमंडी, एकातून एस. टी. स्टँड, एकातून गल्लीतला ढोल आणि चौथ्यातून 'घेऊन जा गे'चा पुकारा. आवाज इतकाच की शेजारच्याचा श्वासही ऐकू यावा. ध्वनिमुद्रण आम्ही विद्यार्थीच मोबाइलवर करू. खर्च फारसा नाही. दाराशी माहितीचा फलक नको. आत जाणाऱ्याने चपला काढाव्यात आणि पाच मिनिटे उभे राहावे, एवढीच अट असावी.

बाहेर आल्यावर 'कळले का?' असे कोणी कोणाला विचारू नये. 'कुठून आले? किती जण होते?' असे विचारावे. मी त्या दिवशी आबाजींना घेऊन येणार आहे. जमिनीला पाय लावून ते काय सांगतात, ते मागच्या बाकावरच्या मित्रांनी अवश्य ऐकावे.

— बी. ए. भाग २